उरलेल्या अन्नाची सुरुवात भातापासून करा

उरलेलं अन्न वाया जाऊ नये म्हणून लगेच नव्या पाककृती शोधत बसू नका. आधी आठवडाभर नुसतं बघा, तुमच्या घरात नेमकं काय उरतं.

बहुतेकदा भात निघेल, आणि जपायचंही त्यालाच जास्त. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त रूपं, शिजवल्यावरही टिकतात. भात बराच वेळ बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून शिजल्यापासून २ तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. गार भाताचे दाणे सुटे होतात, त्यामुळे परतायला तो ताज्यापेक्षा सरस! कांदा-लसूण, उरलेली भाजी, वर एखादं अंडं. मी तर आता मुद्दाम थोडा जास्तच लावते.

शिळा पाव कडक भाजून चुरा करा; कटलेटला उपयोगी पडतो.

गाजराची टोकं, कांद्याचे तुकडे, कोथिंबिरीचे देठ फ्रीजरमध्ये साठवा आणि पिशवी भरली की उकळून सूपसाठी पाणी काढा. कोबी-फ्लॉवरचे देठ मात्र त्यात नकोत, उग्र वास येतो. ते बारीक चिरून सरळ भाजीतच घाला.

आणि डब्यावर तारीख लिहाच. माझं सगळ्यात जास्त अन्न वाया जायचं ते फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात विसरल्यामुळे.