विचारू नकोस, कळव

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. चार पानांपैकी तीन पाने तू इतरांविषयी लिहिली आहेस: सासूबाईंना काय वाटेल, दीर काय म्हणतील, शेजारी कसे पाहतील, मुलाच्या शाळेतल्या बायका मागे काय बोलतील. मैत्रिणीने मुंबईहून सुटणाऱ्या सहलीच्या जहाजाची चौकशी केली आहे आणि तुलाही मनापासून जावेसे वाटते, हे मात्र एवढ्या मजकुरात एका ओळीत उरकले आहेस. शेवटी मला विचारतेस, ‘बाई, मी जाऊ का?’ त्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही, कारण तो प्रश्नच मला मान्य नाही. जो निर्णय सर्वस्वी तुझा आहे, त्याची परवानगी मागू नकोस. निर्णय घे आणि कळव.

यात उद्धटपणा नाही, हे आधी सांगते, कारण तुझा स्वभाव मी तू माझ्या वर्गात सातवीत असल्यापासून ओळखते. सासूबाईंनी मुलगा गमावला आहे. ‘मी मैत्रिणीबरोबर जहाजाने फिरायला जाऊ का’, असे तू त्यांना विचारलेस, तर आपला मुलगा गेल्यावर सुनेने चार दिवस आनंदात घालवावेत की नाही, याचा निकाल तू त्या माउलीकडून मागतेस. त्यांनी ‘जा’ म्हटले, तर रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या स्वतःच्या मनाला काय सांगतील? ‘नको’ म्हटले, तर तुझा उतरलेला चेहरा त्यांनाच रोज पाहावा लागेल. हे ओझे त्यांच्यावर टाकू नकोस. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाला की त्यांच्या शेजारी बस आणि सांग, की आई, मी अमुक तारखेला जाते आहे, अमुक तारखेला परत येईन, मुलाच्या शाळेचे आणि डब्याचे असे असे ठरवले आहे. त्या गप्प राहतील. राहू देत. त्या गप्प राहण्याला तू विरोध समजू नकोस आणि संमतीही समजू नकोस; ते त्यांचे दुःख आहे, त्याला त्यांच्यापाशी जागा असू दे. मुलालाही असेच नीट सांग. भिंतीवरच्या कॅलेंडरावर जाण्याची आणि येण्याची तारीख त्याच्याकडूनच लिहून घे. ज्या मुलाचे वडील गेले आहेत, त्याला आई परत कधी येणार हे नेमके ठाऊक असणे फार महत्त्वाचे असते.

मी या एका गोष्टीवर इतकी का अडून बसते, ते आता लिहिते. माझी आई तरुणपणीच विधवा झाली. आम्ही पणजीला राहत होतो आणि तिची धाकटी बहीण गिरगावात. त्या काळी मुंबई ते पणजी कोकणसेवक, कोकणशक्ती या बोटी चालत असत. माणसे पथारी, पाण्याची बाटली आणि दशम्यांचा डबा घेऊन डेकवर बसून यायची. आईला एकदा त्या बोटीने बहिणीकडे जायचे होते. तिने मोठ्या काकांना विचारले. काकांनी नाही म्हटले नाही, ‘बघू’ म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. विधवा भावजयीला रात्रभराच्या प्रवासाला एकटीने पाठवले, असे चार लोकांनी म्हणू नये, एवढीच त्यांची काळजी होती. पुढच्या वर्षी तिने पुन्हा विचारले आणि तेच उत्तर मिळाले. बाजारातून परतताना ती धक्क्याशी थांबून उतारू पाहत असे, पिशवी या हातातून त्या हातात घेत असे, आणि मग घरी येऊन माशांच्या तयारीला लागत असे. पुढे त्या बोटी बंद झाल्या, आई गेली. तिने आयुष्यात एकदाही तक्रार केली नाही, आणि म्हणूनच ती गोष्ट मला अजून सोडत नाही. कोणी अडवले असते तर कदाचित ती भांडली असती. ‘बघू’शी कोणाला भांडता येत नाही. ज्याला आपण विचारतो, त्याच्यावर उत्तराची जबाबदारी येते, आणि जबाबदारी आली की माणूस सुरक्षित उत्तर देतो. म्हणून म्हणते, विचारू नकोस.

तुझ्या दिरांचे पैशांविषयीचे वाक्य वाचून मला राग आला. ‘दादाचे पैसे असे उडवायचे का’, असे ते म्हणाले म्हणे. तू गोव्यात वाढलीस, तुझे लग्न गोव्यात नोंदवले गेले, आणि तरीही तुला हे कोणी सांगितले नाही का? 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आपल्याकडे नियम असा आहे, की लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता समाईक होते आणि तिच्यातला निम्मा हिस्सा पत्नीचा असतो. 2012 च्या गोवा वारसा कायद्यानेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. तो निम्मा हिस्सा तुला नवऱ्याच्या मृत्यूमुळे मिळालेला नाही. तो लग्नापासूनच तुझा होता. नवऱ्याच्या निम्म्यातले जे मुलाचे आहे, ते मुलासाठी जपून ठेव, त्याला हात लावू नकोस, आणि वारसांची नोंद व वाटणी अजून झाली नसेल तर जहाजाआधी वकिलाकडे जा. पण स्वतःच्या हिश्श्यातून आणि स्वतःच्या पगारातून काढलेल्या तिकिटाचा हिशेब तू दिरांना देणे लागत नाहीस. त्यांनाही फक्त कळव.

वर्ष फिरेपर्यंत थांबावे का, असेही तू विचारतेस. वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबावेसे तुला स्वतःला वाटत असेल तर अवश्य थांब; शोकाला वेळ हवा असतो आणि तो वेळ ज्याचा त्याने ठरवायचा असतो. मात्र लोकांसाठी थांबू नकोस, कारण लोकांचे वर्ष कधीच फिरत नाही. पंडिता रमाबाईंचे पती 1882 मध्ये वारले आणि 1883 मध्ये त्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन मुंबईहून इंग्लंडच्या जहाजात बसल्या. सोबत आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. समुद्र ओलांडणे हेच पाप मानले जात होते, त्यात विधवेने ओलांडणे म्हणजे तर विचारायलाच नको. त्या मैत्रिणीचा पुढे परदेशातच फार दुःखद अंत झाला, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. धाडस केले की सगळे गोडच होते, असे मी कोणाला शिकवलेले नाही. पण 1889 मध्ये परत येऊन रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले आणि ज्या मुलींना कोणी विचारत नव्हते त्यांना शिकवले. त्या निघताना समाजाच्या होकाराची वाट पाहत बसल्या असत्या, तर यातले काहीही घडले नसते.

आता माझे. हे गेल्यावर आमच्या स्टाफरूममधल्या मैत्रिणीने जहाजाचे काढले तेव्हा मी मुलाला फोन करून तारीख सांगितली, एवढेच. नणंदेने चार जणांत म्हटले, की भावाच्या चितेची राख निवली नाही आणि ही बोटीवर निघाली. ती बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. ह्यांच्या आजारपणात इस्पितळाच्या बाकावर रात्री काढल्या त्या मी, औषधांच्या वेळा लिहिलेली वही सांभाळली ती मी, आणि शेवटच्या महिन्यात त्यांना घास भरवला तोही मीच. माझ्या प्रेमाचा पुरावा मी घरात बसून द्यावा, असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल वाटून घ्यावे. मी गेले ते योग्यच केले. आजही तशीच वेळ आली तर मी तसेच करीन आणि तसेच कळवीन.

तरी तुला एका गोष्टीसाठी तयार ठेवायला हवे. आम्ही खोलीचे दार उघडले तेव्हा आत दोन पलंग जोडून एक मोठा पलंग केलेला होता, वर एकच पांढरी चादर ताणून बसवलेली, आणि मधोमध टॉवेलाची घडी घालून केलेले दोन हंस, चोचीला चोच लावलेले. घरात कोनाड्यातला त्यांचा चष्मा पाहूनही मी स्वतःला आवरत आले होते. त्या हंसांपुढे मात्र मला उभे राहता येईना. मैत्रिणीने काही न बोलता हंस उलगडून टॉवेल खुंटीला लावले आणि खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या मुलाला बोलावून पलंग वेगळे करून घेतले. पुष्कळ जहाजांवर हे पलंग वेगळे होतात, पण आधी सांगावे लागते. तू बुकिंग करतानाच सांग. जेवणाच्या दालनात शेजारच्या टेबलावर कोणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाचा केक येईल, तेही मनात धरून ठेव. उठून जावेसे वाटले तर जा, डेकवर वारा खा, परत ये. रडू आले म्हणजे निर्णय चुकला, असे नाही. घरी बसूनही ते आलेच असते.

पहाटे जहाज गोव्याच्या मुरगाव बंदराकडे वळले तेव्हा आग्वादचा किल्ला आणि दीपगृह प्रथमच समुद्राच्या बाजूने पाहिले. आयुष्यभर ज्या किनाऱ्यावरून बाहेर पाहत आले, तो बाहेरून किती आखूड दिसतो! पणजीत ‘क्रूझ’ म्हटले की मांडवी नदीतली तासाभराची बोट डोळ्यांसमोर येते, म्हणून तुला हे मुद्दाम लिहिते. रात्रभर जमीन न दिसणे हा वेगळा अनुभव आहे, आणि तो घेण्यासारखा आहे.

मैत्रिणीविषयी एकच पाहा: तिच्याजवळ गप्प बसता येते का? सतत हसवू पाहणारी मैत्रीण दुसऱ्या दिवशी नकोशी होते. दुपारचे दोन तास दोघींनी वेगवेगळे घालवायचे, हे निघण्याआधीच ठरवा, आणि खर्चाचा हिशेब रोजच्या रोज मिटवा. तिकिटाचा दर एका खोलीत दोघे धरून माणशी सांगितलेला असतो. एकटीने खोली घेतली तर बहुतेक वेळा बरेच जास्त भरावे लागतात, त्यामुळे मैत्रिणीची सोबत खर्चालाही हलकी पडते. बंदराचे शुल्क, कर, इंटरनेट आणि बक्षिसी यांतले काय दरात धरले आहे आणि काय वेगळे, हे लेखी मागून घे.

पहिलीच वेळ आहे, तेव्हा दोनतीन रात्रींचीच सफर निवड. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर या सफरी नसतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत समुद्र शांत असतो. खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घेतली तर हेलकावे कमी जाणवतात. मळमळीसाठी अ‍ॅव्होमिन तुझ्या डॉक्टरांना विचारून सोबत ठेव आणि ती त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते, हे लक्षात ठेव. आल्याच्या वड्याही ने. ओळखपत्राची मूळ प्रत हवी. किनारा सुटला की मोबाइल विमानातल्यासारखा बंद स्थितीत ठेव, नाहीतर जहाजावरच्या नेटवर्कचे भलतेच बिल येते. मुलाला आधीच सांग, की मध्ये एक दिवस फोन लागणार नाही. जहाज सुटण्याच्या सुमारास सुरक्षेची तालीम होते, ती टाळू नकोस. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा असतो. आपण कुठे जमायचे ती जागा पायांनी चालून पाहून ठेव.

सफरीची तारीख जवळ येत जाते तसे तिकीट रद्द करण्याचे पैसे जास्त कापतात. म्हणून आधी कार्यालयात रजेचा अर्ज दे, मग मैत्रिणीला फोन करून पैसे भर, आणि त्याच संध्याकाळी सासूबाईंजवळ बस. तारीख ठरली की मलाही कळव.

तुझ्या,
बाई