महापौर झालीस, आता चावीवाल्याला भेट

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

निवडीची बातमी कळली. फोटोत गळ्यात एवढे हार, की तुझा चेहरा शोधावा लागला. काकू म्हणाली, फोन करा. मी म्हटलं, पुढचे पंधरा दिवस तिचा फोन तिच्या हातात असणार नाही, पत्रच लिहितो. सभागृहात भेट झाली तर मीही तुला ‘महापौर महोदया’च म्हणेन. पत्रात मात्र तू.

माझी नोकरी नगरसचिव कार्यालयात गेली हे तुला ठाऊकच आहे. महापौरांच्या शेजारी खाली बसायचं, कोण काय बोललं ते लिहायचं आणि महापौर अडले की नियमाची चिठ्ठी हळूच पुढे सरकवायची. त्या जागेवरून जे दिसलं तेवढंच लिहितोय.

सत्काराच्या गडबडीत तुला कोणी सांगणार नाही, म्हणून आधी हे. आपल्याकडे महापौराच्या सहीने एक गटारसुद्धा होत नाही. कारभार आयुक्तांचा, तिजोरीची किल्ली स्थायी समितीकडे आणि तुझी मुदत अडीच वर्षांची. १९९८ साली मुंबई आणि नागपुरात महापौर परिषद आणून महापौराच्या हाती खरा कारभार देऊन पाहिला होता. तो प्रयोग फार दिवस टिकला नाही. तेव्हा ‘शहराचा कायापालट करीन’ हे भाषणापुरतं ठेव. तुझ्या हातात आहे ती सभा. कशावर चर्चा व्हायची, किती वेळ व्हायची, आणि अधिकाऱ्याने गोलमाल उत्तर दिलं तर त्याला खाली बसू द्यायचं की नाही, हे तू ठरवणार. शहर कशाबद्दल बोलतं ते ठरवणं ही लहान सत्ता नव्हे. बहुतेक महापौर ती ‘ऐनवेळच्या विषयां’च्या, म्हणजे विषयपत्रिकेत नसताना आयत्या वेळी घुसवलेल्या विषयांच्या पायी घालवतात. संध्याकाळी सात वाजता, निम्मे सभासद चहाला गेलेले असताना, एका दमात वीस विषय मंजूर. कागदपत्र कोणी पाहिलेलं नसतं. हा दरवाजा पहिल्याच सभेत बंद कर. तुझ्याच पक्षाचे लोक आधी रुसतील.

आता पाण्याचं. हे जरा लांबेल, पण वाच.

आमच्याकडे एकदा एका नगरसेविकेने प्रश्न विचारला होता, अमुक वस्तीला पाणी किती वेळ मिळतं? लेखी उत्तर आलं, ‘पुरेशा दाबाने सुरळीत पाणीपुरवठा होत आहे.’ ते इतिवृत्तात मीच उतरवलं, सुवाच्य अक्षरात. त्या वस्तीत माझंही घर होतं आणि त्याच दिवशी दारात टँकर उभा होता. रात्री झोप येईना. पहाटे साडेतीनला सायकल काढली आणि आमच्या भागात पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला गाठलं. कागदावर तो व्हॉल्वमन. खांद्यावर लोखंडी टी-आकाराची चावी, पुरुषभर उंच. चेंबरचं झाकण त्याने पायाने सरकवलं, चावी आत घातली आणि तोंडाने आटे मोजत फिरवायला लागला. चौदा. मग दांड्याला कान लावून थांबला. म्हणाला, “साहेब, वाजतंय बघा. आता डोंगराकडं चढायला लागलं.” सोळा आटे सोडले की खालच्या पेठेत पाइप फुटतो, बारा सोडले तर वरच्या चाळीत नळाला नुसता वारा येतो. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, कुठे लिहिलेलंही नव्हतं. एवढ्या मोठ्या शहराचा पाण्याचा नकाशा अशा वीस-पंचवीस माणसांच्या डोक्यात होता आणि त्यातले निम्मे दोन-चार वर्षांत निवृत्त होणार होते. आमचा हा गेला आणि त्याच्या जागी ठेकेदाराचा पोरगा आला. त्याने अंदाजाने चावी फिरवली. पेठेतला रस्ता वाहून गेला, वरच्या चाळीला आठ दिवस टँकर. चौकशीत पोराचा पगार कापला. वही ठेवा असं कोणी म्हटलं नाही.

तुझं शहर वाढतंय, म्हणून हे सांगतोय. माणशी रोज १३५ लिटर हे मानक सगळे तोंडपाठ म्हणतात. धरणात पाणी किती, कोटा किती, यावर जलसंपदा खात्याशी भांडण होतं, बातम्याही येतात. पण धरणातून निघालेलं पाणी कुठल्या टाकीत किती पोचलं आणि शेवटच्या नळाला किती लागलं, हे मोजणारं मीटर बऱ्याच ठिकाणी नसतं. तेव्हा पहिल्या महिन्यात एक दिवस पहाटे जा. कोणाला सांगू नकोस. फोटोग्राफर नेलास तर चावीवाला खरं बोलणार नाही.

हद्दवाढ झालेल्या गावांकडे सगळ्यात आधी बघ. पुण्याचं उदाहरण तुझ्यासमोर आहे. २०१७ साली ११ गावं आत घेतली, २०२१ साली आणखी २३. त्या ११ मध्ये उरुळी देवाची आणि फुरसुंगी होती. शहराचा कचरा उरुळी देवाचीच्या डेपोत कैक वर्षं आधीपासून येऊन पडत होता. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आंदोलनं केली. म्हणजे शहराचा कचरा आधी पोचला, मग कराचं बिल, आणि पाण्याची पाइपलाइन सगळ्यांच्या मागून. कराच्या बिलावरूनच लोक इतके चिडले, की २०२४ साली त्या दोन गावांची वेगळी नगरपरिषद झाली. गाव हद्दीत घेणं म्हणजे एका अधिसूचनेचं काम. पण तिथे इमारती आधीच उभ्या असतात आणि सांडपाणी ओढ्यात सोडलेलं असतं. ओढ्याचं काय होतं ते पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने दाखवलं. भिंती पडल्या, माणसं वाहून गेली. तुझ्या शहरातले ओढे जुन्या नकाशावर किती रुंद होते आणि आज किती उरलेत, एवढा एकच प्रश्न सभेत लावून धर. बिल्डर लॉबीचे फोन येतील. फोन आले की समज, प्रश्न बरोबर जागी लागलाय.

जागांच्या आरक्षणांबद्दल थोडक्यात, कारण विषय रुक्ष आहे आणि म्हणूनच लुटला जातो. विकास आराखड्यात शाळा, मैदान, दवाखाना यांसाठी जागा राखलेल्या असतात. दहा वर्षांत त्या ताब्यात घेतल्या नाहीत, तर एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो. त्यानंतर दोन वर्षांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत, की आरक्षण गळून पडतं. कोर्टात हरण्याचीही गरज नाही. नोटीस टेबलाच्या खालच्या खणात राहिली की झालं. असं मैदान जाताना मी पाहिलंय. फाइलवर धूळ नव्हती, उलट ती फार जपून ठेवलेली होती. नोटिसांची यादी तारखेसकट दर महिन्याच्या सभेत मांडायला लाव.

पैशाचं म्हणशील तर जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईचा हप्ता राज्याकडून येतो. स्वतःचं म्हणून उरलं ते मिळकतकर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. यातलं शेवटचं फसवं. शहर जोरात वाढत असतं तेव्हा ते भरभरून येतं आणि सगळ्यांना वाटतं पालिका श्रीमंत झाली. पण इमारतीचं शुल्क एकदाच मिळतं, तिला पाणी आणि रस्ता जन्मभर द्यावा लागतो. त्या पैशावर नवी नोकरभरती आणि नाट्यगृहं काढलेल्या पालिका बांधकाम मंदावलं की पगाराला चाचपडतात.

आणि बाकडी, पेव्हर ब्लॉक, कापडी पिशव्या, स्वागतकमानी! यांना पूर्ण विरोध करू नकोस, नगरसेवकालाही निवडून यायचं असतं. पण आपल्याकडे जोतीराव फुले पुणे नगरपालिकेत सभासद होते, १८७६ पासून काही वर्षं, तेही सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतावर हजार रुपये खर्चायचा विषय आला तेव्हा एकट्याने विरोध केला, म्हणाले, हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर घाला. खर्च व्हायचा तो झालाच. नोंद मात्र राहिली. इतिवृत्त लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, विरोधी मत नोंदवायचं म्हणून कोणी हात वर केला तर त्याचा माइक बंद करू नकोस, तो विरोधी बाकावरचा असला तरी.

आयुक्तांशी भांडण लागेलच. भांड, पण खासगीत. त्यांची बदली मंत्रालयातून होते, तुझ्या हातात नाही, आणि नवे आले की तुला सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं. अडीच वर्षांत हे तीनदा होऊ शकतं.

त्या चावीवाल्याच्या निवृत्तीआधी मी त्याच्याबरोबर एकूण नऊ पहाटा फिरलो आणि एक शंभर पानी वही भरली. कुठला व्हॉल्व्ह, किती आटे, किती वाजता, कुठली गल्ली. ऑफिसात दिली तर हरवेल म्हणून झेरॉक्स दिली. ती हरवली. मूळ वही आज कुरिअरने तुला पाठवलीय. त्यातल्या गल्ल्या तुझ्या शहरातल्या नाहीत, पण रकाने कसे आखलेत ते बघ. शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने ‘आवाज’ असं लिहिलंय, ते त्यानेच सांगितलं म्हणून.

तुझा,
काका