हॉटेलात रूम अटेंडंट आहे, बारावी पास, डिग्री नाही. मॅनेजर होता येईल का?

होता येतं, मी झालोय. पण तू विचारलंयस ना, "मन लावून काम केलं तर किती वर्षांत होईन", तसं नाही होत ते. (वय २१ लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.)

मी चंदगड तालुक्यातला. आमच्याकडे बारावी झाली की तिलारी घाट उतरून गोव्याला जायचं हे ठरलेलंच असायचं. २००६ च्या ऑक्टोबरात कलंगुटजवळच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला कॅज्युअल म्हणून लागलो, २८०० रुपये पगार, जेवण आणि आठ जणांत एक खोली. पावसाळा लागला की कॅज्युअलवाल्यांना घरी पाठवायचे आणि सप्टेंबर संपताना परत फोन, असे दोन पावसाळे मी घरी भातलावणीत काढले, तिसऱ्या सीझनला परमनंट केलं.

रोज १४ खोल्या. हात लवकर बसला, चेकआउटची रूम २५ मिनिटांत काढायचो आणि चादरीचे कोपरे असे बसायचे की सुपरवायझर नवीन पोरांना माझी रूम दाखवायला आणायचा. मला वाटायचं आता प्रमोशन आलंच. चार वर्षं काही आलं नाही. कारण ज्याच्यावर व्हीआयपी रूम डोळे झाकून सोपवता येते त्याला फ्लोअरवरून उचलला तर वरच्याचीच पंचाईत, तो कशाला उचलेल. सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा कॉलेजमधून आलेला एक मुलगा बसवला, ज्याला बेड करायला मीच शिकवला होता. लई राग आला. पण खरं सांगायचं तर त्याला रिपोर्ट लिहिता येत होता आणि मला रूम शीटवर टिकमार्क सोडून काही येत नव्हतं.

मग मी शीट नीट भरायला लागलो, वेळ टाकून. तुमच्याकडेही संध्याकाळी रूमचं स्टेटस (कुठली भरलेली, कुठली रिकामी) घेतात ना, ते बहुतेक जण दारावर टकटक करून मारून नेतात. एका संध्याकाळी एका खोलीत टर्नडाउनला (रात्रीसाठी बेड लावून द्यायला) गेलो तर बेडवर बसल्याची सुरकुतीसुद्धा नाही, कपाट रिकामं, बाथरूममध्ये ब्रश नाही, फक्त टेबलावर अर्धी पाण्याची बाटली. फ्रंट ऑफिसच्या हिशोबात मात्र रूम ऑक्युपाइड, म्हणजे भरलेली. मी शीटवर लिहिलं, 'नो लगेज, ६.४०', आणि डेस्कला फोन करून पण सांगितलं. दुसऱ्या दिवशी कळलं की गेस्ट तीन रात्रींचं बिल न भरता पळालाय, आणि रिसेप्शनवाले म्हणायला लागले की हाउसकीपिंगने कळवलंच नाही. शीट काढून दाखवली तेव्हा प्रकरण मिटलं. बक्षीस वगैरे काही नाही, उलट रिसेप्शनचे दोघं महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. पण त्यानंतर हाउसकीपिंगच्या कंट्रोल डेस्कवरचा माणूस रजेवर गेला की आमच्या खात्याच्या मॅडम मला तिथे बसवायला लागल्या.

माझं करिअर त्या खुर्चीतून सुरू झालं असं मी म्हणेन. तिथे सगळ्या खात्यांचे फोन येतात, गेस्टचे, रिसेप्शनचे, मेंटेनन्सचे, लाँड्रीचे, आणि तुटकं का होईना इंग्रजी बोलावंच लागतं. हरवलेल्या सामानाचं रजिस्टर, किल्ल्या, लॉगबुक, कुठली रूम आधी द्यायची, सगळं तिथून चालतं, आणि रिसेप्शनच्या सिस्टीममध्ये काय दिसतं तेही कळतं. तुझ्या हॉटेलात डेस्कवर रजेची बदली कोण करतं ते बघ, आणि स्वतःहून विचार. पगार वाढणार नाही, तरी विचार. वर्षभरात मी सुपरवायझर झालो.

पुढचा टप्पा आकड्यांचा. सुपरवायझर मीटिंगमध्ये म्हणतो, "टॉवेल कमी पडतायत". त्यावर सगळे मान हलवतात आणि होत काहीच नाही. १२० खोल्या, प्रत्येकी दोन बाथ टॉवेल म्हणजे एक पार (सगळ्या खोल्यांना एकदा पुरेल इतका संच) २४० चा, चार पार धरले तर ९६० पाहिजेत आणि स्टोअर, फ्लोअर, लाँड्री मिळून मोजले तर ६१०, म्हणजे अडीच पारवर हॉटेल चाललंय, म्हणून दुपारी तीनला रूम अडकतात आणि गेस्ट लॉबीत बसून राहतो. असं सांगितलं की जीएम (जनरल मॅनेजर) फायनान्सवाल्याकडे बघतो. तसंच एआरआर (विकल्या गेलेल्या रूमचं सरासरी भाडं) आणि रेव्हपार (हॉटेलातल्या प्रत्येक रूममागे पडणारं भाड्याचं उत्पन्न) शिकून घे, अवघड नाहीये. १०० पैकी ७० रूम सरासरी ५००० ने गेल्या तर रेव्हपार ३५००. रिकाम्या रूमसुद्धा त्यात मोजल्या जातात, म्हणून मेंटेनन्ससाठी बंद पडलेली एक रूम कुणाला का टोचते ते तेव्हा समजतं.

डिग्रीचं म्हणशील तर दादरच्या किंवा पर्वरीच्या आयएचएममधून, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या सरकारी कॉलेजातून, तीन वर्षांचं बीएस्सी करून आलेली मुलं मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून थेट वरच्या पायरीवर येतात, त्यांच्याशी बरोबरी करत बसू नको, तुझी पाच-सहा वर्षं जास्त जाणार हे धरूनच चाल. पण ग्रॅज्युएशन कर, कुठलंही. मी नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए केलं, परीक्षेसाठी वीकऑफ साठवून. मोठ्या चेनमध्ये असिस्टंट मॅनेजरच्या वर फाइल न्यायची तर एचआर डिग्रीचा कागद मागतं, मी स्वतः एकदा त्याच्यावरून परत आलोय.

आणि एकाच हॉटेलात चिकटून राहू नको. जिथे तुला ट्रॉली ढकलताना पाहिलंय तिथे तू कायम ट्रॉलीवालाच राहतोस. मी २०१४ ला पुण्यात नवीन उघडणाऱ्या हॉटेलात असिस्टंट म्हणून आलो, उघडायच्या चार महिने आधी. लिफ्ट चालू नव्हती, सातव्या मजल्यावर गाद्या खांद्यावरून चढवल्यात. पण लिनन किती मागवायचं, माणसं किती लागतील, हे कोऱ्या कागदावर मांडायला तिथेच शिकलो. २०१८ ला एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर, म्हणजे हाउसकीपिंगचा प्रमुख झालो, आता फ्रंट ऑफिसही माझ्याकडेच आहे म्हणून कार्डावर रूम्स डिव्हिजन मॅनेजर. दुबई, क्रूझ हे पैशासाठी ठीक, घर बांधायचं असेल तर जरूर जा, पण माझ्या ओळखीचे जे अटेंडंट म्हणून गेले त्यातले बरेच अटेंडंट म्हणूनच परत आले.

ट्रेनिंगमध्ये तुला ओबेरॉय हॉटेल्स उभी करणाऱ्या ओबेरॉय साहेबांची गोष्ट ऐकवतील, १९२२ ला शिमल्याच्या सेसिल हॉटेलमध्ये ५० रुपयांवर क्लार्क, १९३४ ला क्लार्क्स हॉटेल विकत घेतलं. गोष्ट खरी आहे, फक्त त्यासाठी बायकोचे दागिने गहाण टाकले होते हे सांगायचं ट्रेनर विसरतो.

घरचे "झाडूपोछाचं काम" म्हणतात असं लिहिलंयस, त्याला माझ्याकडे औषध नाही, माझ्या मामाने मी असिस्टंट मॅनेजर झाल्यावर असं बोलणं बंद केलं.

राहिला शेवटचा प्रश्न, चतुर्थीला सुट्टी मिळते का. १९ वर्षांत पाच वेळा गणपतीला घरी होतो, त्यातली दोन वर्षं कोविडची.