रापणीचे शब्द आणि टीवायचा प्रोजेक्ट

प्रश्न: मॅडम, मी मालवणची, एसवायबीएला मराठी घेतलंय. पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टला 'मालवणी बोलीचा अभ्यास' हा विषय ठरवलाय, पण कॉलेजच्या लायब्ररीत दोनच पुस्तकं मिळाली. पुढे भाषाविज्ञानात एमए करायचंय. आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरायला, जायचे. बाबा म्हणतात, रापणीचे शब्द गोळा करून नोकरी कोण देणार?

अगं, पहिल्यांदा तो विषय बदल. 'मालवणी बोलीचा अभ्यास' म्हणजे एका माणसाचा जन्म जाईल. ब्रिटिशांच्या काळातल्या ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ला आला, भाषातज्ज्ञ घाटगे सरांनी १९६०च्या दशकात कुडाळीवर, म्हणजे कुडाळकडच्या बोलीवर, वेगळं पुस्तक केलं, डेक्कन कॉलेजचं बोलींचं सर्वेक्षण तर नेटवरच आहे, ते जरूर चाळ, पण त्यातलं उतरवून काढलंस तर तो प्रोजेक्ट नाही, ती नुसती नक्कल.

विषय तर तुझ्या घरातच आहे. आजोबांना येणारे रापणीचे, वाऱ्याचे, भरतीचे शब्द बाबांना किती येतात आणि ट्रॉलरवर जाणाऱ्या एखाद्या चुलतभावाला किती? उधाण सगळ्यांना माहीत असेल, भांगाची भरती (अष्टमीच्या सुमाराची कमी भरती) म्हणजे काय ते भाऊ सांगतो का बघ. चाळीस शब्द, एक घर, तीन पिढ्या, बस्स. टीवायला एवढं पुष्कळ झालं, खरं तर एमएलाही चालेल.

आता विचारायचं कसं, इथेच सगळे फसतात. वही उघडून "ह्याला काय म्हणतात?" विचारलंस की आजोबासुद्धा कॉलेजात शिकणाऱ्या नातीसमोर पुस्तकी बोलणार, 'माका'चं 'मला' होणार. लबॉव्ह नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञाने १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांत काय केलं माहितीय, चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तू कुठे आहेत असं नोकरांना विचारत फिरला, कारण 'फोर्थ फ्लोअर'मधला 'र' कोण उच्चारतं आणि कोण गाळतं ते त्याला ऐकायचं होतं, मजल्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. तूही आजोबांना शब्द विचारू नकोस, "रापण लागली नाय त्या दिवसाची गजाल सांगा" म्हण, शब्द आपोआप पडतील. रेकॉर्ड करतेय हे मात्र आधी सांगून टाक, पाच मिनिटांत ते विसरतातच.

माझी चूक सांगते. एमएला असताना मी चार कॅसेट भरून रेकॉर्डिंग केलं आणि एकीवरही नाव, गाव, वय लिहिलं नाही, महिन्याभराने कोण बोलतंय तेच कळेना, सगळं वाया. म्हणून प्रत्येक फाइलला तारीख, वाडी, वय आणि शेजारी आणखी कोण बसलं होतं तेही लिही, कारण माणूस बायकोसमोर वेगळं बोलतो आणि परक्यासमोर वेगळं. ईलान हे फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाक, आवाजाखालीच ओळ लिहिता येते. कंटाळवाणं काम आहे हां, दहा मिनिटांच्या बोलण्याला सुरुवातीला अख्खी दुपार जाईल.

बाबांना सांग, नोकरीची गॅरंटी मीही देत नाही. पण ऐकून अचूक लिहिणं, त्याचं वर्गीकरण करणं, भाषांतर करणं ही कामं कोशाला लागतात, सबटायटलला लागतात आणि सरकारच्या भाषिणीसारख्या संगणकी भाषांतराच्या प्रकल्पांनाही बोललेल्या भाषेचा डेटा हवाच असतो. चौथ्या वर्षी रिसर्चवालं ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात, ते तुझ्या कॉलेजात आहे का हे आत्ताच ऑफिसात विचारून घे. विद्यापीठांच्या आविष्कार संशोधन स्पर्धेतही भाषेचा गट असतो, तिथे हाच प्रोजेक्ट चालेल.

गणपतीत सगळे घरी असतीलच, तेव्हा सुरुवात कर. आरतीच्या आधी गाठ आजोबांना, नंतर भजनाच्या आवाजात काही ऐकू येणार नाही, आणि फोन एरोप्लेन मोडवर टाकायला विसरू नको.