एकाच वाद्यवृंदाच्या थेट मैफलींसाठी वर्षाची वर्गणी भरावी का?

आपला प्रश्न असा आहे की, ऐरोलीत राहणाऱ्या, आजवर मुख्यतः ख्यालगायकी ऐकत आलेल्या आणि गेल्या वर्षभरात सिम्फनीची, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या मोठ्या पाश्चात्त्य रचनांची, गोडी लागलेल्या श्रोत्याने बर्लिन फिलहार्मोनिक या जर्मन वाद्यवृंदाच्या मैफली इंटरनेटवर दाखवणाऱ्या ‘डिजिटल कॉन्सर्ट हॉल’ची वार्षिक वर्गणी भरावी का, की यूट्यूबवर एवढे सगळे फुकट असताना हा खर्च अनाठायी ठरेल. मी ठाण्यात राहतो, माझा कानही आपल्यासारखाच आधी तानपुऱ्यावर तयार झाला, आणि ही वर्गणी मी कधी महिन्याची, कधी वर्षाची अशी बरीच वर्षे घेत आलो आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. वर्षाची वर्गणी लगेच भरू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास एका महिन्याची घ्या आणि त्या महिन्यात आपण किती मैफली पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत ऐकल्या, ते मोजा. चार झाल्या, तर वर्षाची वर्गणी बिनदिक्कत भरा. एकच झाली असेल, तर यूट्यूब पुरेसे आहे, आणि तसे असण्यात काहीच गैर नाही.

ही सेवा 2008 साली सुरू झाली. माझी तिच्याशी गाठ पडली ती मार्च 2020 मध्ये. बर्लिनचे सभागृह साथीमुळे बंद झाले, तेव्हा 12 मार्च रोजी माजी प्रमुख संचालक सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली वाद्यवृंदाने रिकाम्या खुर्च्यांसमोर बेरिओ आणि बार्टोक यांच्या रचना वाजवल्या, आणि पुढे काही दिवस जगभरातील कोणालाही महिनाभराचा प्रवेश विनामूल्य देऊ केला. आमच्या इमारतीचे फाटक बंद होते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, आणि मी दिवाणखान्यात बसून ती मैफल पाहिली. शेवटचा स्वर संपल्यावर टाळ्या आल्या नाहीत. एवढ्या मोठ्या वादनानंतरची ती शांतता मी आजही विसरलेलो नाही. मोफत महिना संपला, तेव्हा मी पहिल्यांदा पैसे भरले.

आता आपल्या मूळ शंकेकडे येतो: पैसे नेमके कशाचे द्यायचे? थेट मैफलीचे, असे बहुतेकांना वाटते. माझ्या मते वर्गणीचे खरे मोल संग्रहात आहे. एका हंगामात चाळीसच्या आसपास मैफली थेट दाखवल्या जातात आणि त्या काही दिवसांत संग्रहात जमा होतात. शिवाय या वाद्यवृंदाचे पूर्वीचे प्रमुख संचालक हर्बर्ट फोन कारायान यांच्या काळातील जुने चित्रीकरणही तेथे आहे. आपण ख्याल ऐकणारे आहात म्हणून हे विशेष सांगतो. एकच यमन किराणा घराण्याच्या गायकाकडून आणि जयपूर घराण्याच्या गायकाकडून ऐकल्याशिवाय आपले समाधान होत नाही, कारण राग तोच असला तरी बढत म्हणजे रागाचा विस्तार वेगळा, लगाव म्हणजे स्वर लावण्याची रीत वेगळी. बेथोव्हेनची नववी सिम्फनी कारायान यांच्या हाताखाली ऐका, मग रॅटल यांच्या, आणि मग किरिल पेट्रेंको यांनी ऑगस्ट 2019 मध्ये प्रमुख संचालक म्हणून सूत्रे हाती घेताना केलेली ऐका. वाद्यवृंद तोच, लिहिलेले स्वर तेच, आणि तरीही लयीचा श्वास प्रत्येक वेळी निराळा. ही तुलना यूट्यूबवरही करता येते, पण तेथे एक रेकॉर्डिंग अर्धे, दुसऱ्याचा आवाज खराब, तिसऱ्यात मध्येच जाहिरात, असे होऊन धागा तुटतो. वर्षभरात अशा दहा-बारा तुलना मनापासून केल्या, तर माझ्या हिशेबी पैसे वसूल झाले.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. त्या सभागृहात कॅमेरामन फिरत नाहीत. दूरनियंत्रित कॅमेरे असतात, आणि इमारतीतील नियंत्रण कक्षात स्वरलिपी समोर ठेवून कोणत्या क्षणी कोणते वाद्य दाखवायचे हे ठरवले जाते. त्यामुळे ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याची ओळ सुरू होण्याच्या क्षणभर आधी आपल्याला ओबोवादकाचा श्वास दिसतो. नवख्या श्रोत्याला याचा फार उपयोग होतो, कारण शंभर वाद्यांच्या गर्दीत कान कोठे ठेवायचा, हे डोळा शिकवतो. मला सर्वांत आवडते ते टिंपनी, म्हणजे सुरात लावलेले मोठे नगारे, वाजवणाऱ्याला पाहणे. बाकीचा वाद्यवृंद वाजवत असताना तो खाली वाकतो, कातड्याला जवळजवळ कान लावतो, बोटाने इतकी हलकी टिचकी मारतो की ती फक्त त्यालाच ऐकू यावी, आणि पायाखालच्या पॅडलने ताण किंचित बदलतो. पुढच्या वीस मात्रांनंतर त्याला जो स्वर द्यायचा आहे, तो तो दुसऱ्यांच्या सुरांच्या कल्लोळात शोधत असतो. आपला तबलजी गायकाच्या आलापात गट्ट्यांवर हातोडीचा हळुवार ठोका देत षड्ज मिळवून घेतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असते तीच एकाग्रता तेथे दिसते. हे दृश्य पहिल्यांदा पाहिले, तेव्हा हे संगीत परके आहे ही माझी भावना बरीचशी गळून पडली. मैफलीपूर्वी ओबोने धरलेल्या एका लांब स्वराला सगळे मिळवून घेतात, तो मिनिटही चुकवू नका.

कॅमेऱ्याचेच आणखी एक उदाहरण. संगीतकार ब्रुकनर यांच्या सातव्या सिम्फनीच्या संथ भागात झांज संपूर्ण रचनेत एकदाच वाजते, आणि ती तेथे असावी की नसावी यावर जाणकारांत मतभेद आहेत. ध्वनिमुद्रण ऐकताना ती एक झळाळी वाटते आणि निघून जाते. चित्रात मात्र तो वादक इतका वेळ स्वस्थ बसलेला, मग उठून उभा राहिलेला आणि दोन्ही झांजा तोलून धरलेला दिसतो, आणि त्या एका आघातासाठी सगळी चढण कशी बांधली आहे हे कळते.

थेट मैफलीबद्दल माझे मत मिश्र आहे, आणि त्याचे कारण घड्याळ. बहुतेक थेट मैफली शनिवारी संध्याकाळी असतात. बर्लिनमध्ये सात वाजतात, तेव्हा उन्हाळी वेळेत आपल्याकडे रात्रीचे साडेदहा आणि हिवाळी वेळेत साडेअकरा वाजलेले असतात. आठची मैफल हिवाळ्यात साडेबाराला सुरू होते. मध्यंतर धरून दोन तास, म्हणजे हिवाळ्यात झोपायला दीड ते अडीच. रविवारी सुट्टी असेल तर हे जमते, एरवी जमत नाही. मग थेट ऐकायचेच कशाला? कारण वेळ ठरलेली असली की माणूस बसतो. संग्रह उद्याही असतो, म्हणून तो उद्यावर ढकलला जातो, आणि माझ्या एका वर्षाच्या वर्गणीतले चार महिने असेच गेले. तेव्हापासून मी महिन्यातली एक थेट मैफल ठरवून ठेवतो, संध्याकाळी लवकर जेवतो, हेडफोन लावतो आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो. बाकीच्या मैफली रविवारी सकाळी संग्रहातून ऐकतो. जुलै आणि ऑगस्टचा बराचसा भाग हंगामाची सुट्टी असते, त्यामुळे महिन्याची वर्गणी त्या दिवसांत घेतली तर थेट मैफल जवळपास मिळणार नाही.

पैसे भरण्यातील अडचणी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. किंमत युरोमध्ये असते. संकेतस्थळावर दिसणाऱ्या आकड्याला त्या दिवसाच्या दराने गुणून भागत नाही. बहुतेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहारासाठी दोन ते साडेतीन टक्के शुल्क लागते आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. शिवाय ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी ग्राहकाची वेगळी संमती नोंदवावी लागते, आणि परदेशी विक्रेत्यांकडे ती सोय अनेकदा नसते. माझे नूतनीकरण एकदा बँकेने याच कारणाने नाकारले आणि ज्या शनिवारची मी वाट पाहत होतो त्याच संध्याकाळी प्रवेश बंद पडला. आपोआप नूतनीकरणावर विसंबू नका, मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी स्वतः भरा.

इंटरनेटचे गणित सोपे आहे. चांगल्या दर्जाचे चित्र सेकंदाला पाच-सहा मेगाबिट घेते असे धरले, तर दोन तासांच्या मैफलीला पाच जीबीच्या आसपास डेटा लागतो. मोबाइलचा दिवसाला दीड जीबीचा पॅक पहिल्या सिम्फनीतच संपेल. घरी ब्रॉडबँड हवाच. आणि टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका, एवढे मी कळकळीने सांगेन. त्यात चेलो आणि डबल बास ही खर्जाची तंतुवाद्ये जवळजवळ नाहीसे होतात, म्हणजे तानपुऱ्याशिवाय गाणे ऐकल्यासारखे होते. तारेचा एक बरा हेडफोन हा माझ्या दृष्टीने वर्गणीच्याही आधीचा खर्च आहे.

फुकट काय मिळते, हेही पाहा. फ्रँकफर्टच्या रेडिओ वाद्यवृंदाच्या पूर्ण मैफली यूट्यूबवर उत्तम दर्जात उपलब्ध आहेत. अमेरिकेतील डेट्रॉइट सिम्फनी 2011 पासून आपल्या मैफली थेट आणि विनामूल्य दाखवत आली आहे, आणि तेथील शनिवारी संध्याकाळची आठची मैफल आपल्याकडे रविवारी पहाटे साडेपाचला, हिवाळ्यात साडेसहाला सुरू होते. सकाळच्या चहाबरोबर सिम्फनी ऐकण्याचा हा मार्ग मला फार प्रिय आहे, आणि आपण पहाटे उठणारे असाल तर आधी महिनाभर हाच करून पाहा.

आणखी एका गोष्टीच्या आड वर्गणी येऊ देऊ नका. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून जवळच मुंबईत, एनसीपीए या कलाकेंद्रात वाजवत आहे. ऐरोलीहून ठाण्याला यायचे, तेथून सीएसएमटीची जलद लोकल, पुढे टॅक्सीने नरिमन पॉइंट, आणि परतताना घड्याळाकडे लक्ष ठेवून धावपळ, हे सगळे दमवणारे आहे, मला मान्य आहे. तरीही सोळा व्हायोलिनचा एकत्र उठलेला सूर छातीवर कसा येतो, ते कोणत्याही हेडफोनमधून कळत नाही. वर्षातून दोनदा तेथे जाण्याचे पैसे आणि वार्षिक वर्गणी यांतून एकच निवडायची वेळ आली, तर मी तिकीट काढेन आणि वर्गणी एका महिन्यावर आणेन.

आपण ऑक्टोबरात सुरुवात केलीत, तर एक दक्षता घ्या. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे जातात, म्हणून आधीच्या शनिवारी साडेदहाला सुरू झालेली सातची मैफल पुढच्या शनिवारी साडेअकराला सुरू होईल. ज्या रात्री आपण लवकर जेवून तयार बसाल, ती रात्र कोणती, हे आधी पाहून ठेवा.