वाचक विचारतात, जाणकार सांगतात

प्रश्न : माझ्याकडे २००६ साली आलेला लायका एम८ हा डिजिटल कॅमेरा आहे. तो सोडवत नाही, पण काळे कृत्रिम कापड फोटोत जांभळे दिसते. सेन्सर बिघडला का?

उत्तर : बिघाड नाही. या सेन्सरवरची अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे, तांबड्यापलीकडचे) किरण रोखणारी काच फारच पातळ आहे. काळे कृत्रिम धागे अवरक्त किरण परावर्तित करतात आणि ते जांभळट रंग म्हणून नोंदले जातात. संगणकावरच्या प्रक्रियेत हा रंग नीट निघत नाही, पानांचा हिरवाही बिघडलेला असतो. म्हणून प्रत्येक लेन्सला यूव्ही/आयआर फिल्टर, म्हणजे अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारी काच, लावाच. फिल्टरचे माप लेन्सच्या कडेवर पाहा. ३९ आणि ४६ मिमी नेहमीची.

फसगत वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या, लेन्सला होते. फिल्टरमधून तिरपा प्रकाश गेल्याने कोपरे निळसर-हिरवे पडतात. ते कॅमेऱ्याने दुरुस्त करावेत यासाठी लेन्सला सहा बिटांचा कोड (कॅमेऱ्याला लेन्स ओळखता यावी म्हणून तिच्या मागच्या कडेवर असलेल्या काळ्या-पांढऱ्या खुणा) हवा, आणि मेनूत लेन्स ओळख यूव्ही/आयआरसह चालू हवी. ५० मिमी नाभीय अंतराच्या लेन्सला हा त्रास जाणवत नाही.

कृष्णधवलासाठी मात्र फिल्टर काढून ठेवा. तीच अवरक्त संवेदना तेव्हा सुरेख पोत देते. आमच्या मते हा कॅमेरा जपण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६० वर सुरुवात करा, ६४० च्या पुढे सावल्यांत दाणे वाढतात.