कापडी लंगोटांवरचे पिवळे डाग जात नाहीत आणि धुतल्यावरही वास येतो, काय करावं?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, म्हणजे तुम्हाला नाही हो, स्वतःलाच. दोन महिन्यांचं बाळ, फक्त अंगावरचं दूध, लंगोट रोज उकळत्या पाण्यात, मग ब्रश, मग ब्लीच, तरी पिवळे डाग जागच्या जागी, आणि वरून बाळाने शू केली रे केली की नाकात झिणझिण्या आणणारा वास. यातलं एकूण एक मी करून बसलोय. आमच्याकडे लंगोट धुण्याचं खातं माझ्याकडे होतं (बायकोने पहिल्याच आठवड्यात खातेवाटप उरकलं होतं), दोन मुलांचे मिळून जवळजवळ चार वर्षं धुतले, त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यातून वेगळी करा, डाग वेगळा आणि वास वेगळा. डाग म्हणजे नुसता रंग, लंगोट नीट धुतलेला असेल तर त्यावर पिवळा डाग राहिला म्हणून बाळाला काही होत नाही. वास म्हणजे मात्र आत घाण शिल्लक आहे. पांढराशुभ्र लंगोट घाण असू शकतो आणि डागाळलेला स्वच्छ असू शकतो, हे मला कळायला तीन महिने लागले, तोवर मी वास सोडून डागाच्याच मागे हात धुवून लागलो होतो.

आता डाग. उकळणं आजपासून बंद, निदान सुरुवातीला तरी. शीमधे प्रोटीन असतं आणि प्रोटीनला एकदम कडक पाणी लागलं की ते अंड्यासारखं घट्ट होऊन धाग्यात बसतं, मग त्याच्यासोबत रंगही पक्का. म्हणून पहिलं पाणी कायम थंड. नुसत्या दुधावरच्या बाळाची शी पाण्यात विरघळते, त्यामुळे थंड पाण्यात दोनदा खळबळून काढलं की बरंच काम होतं. (बाळ वरचं खायला लागलं की हे सुख संपतं, मग शी आधी संडासात टाकून जेट स्प्रेने लंगोट साफ करावा लागतो, त्याची मानसिक तयारी आत्तापासून ठेवा.)

तरी पिवळेपणा राहणारच, आणि त्याचं औषध फुकट आहे, ऊन. धुतलेला लंगोट ओला असतानाच डाग वर करून कडक उन्हात टाका, वाळला आणि डाग थोडा राहिला तर पुन्हा ओला करून पुन्हा टाका. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दुपारी काढायला गेलो तर कुठला डागाचा होता तेच ओळखू येईना. ही जादू नाहीये, तान्ह्या बाळाच्या शीचा पिवळा रंग बराचसा बिलिरुबिनचा असतो, पित्तातून येणारा, आणि बिलिरुबिन प्रकाशात मोडतं. काविळीच्या बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात ते याच कारणाने. ते सापडलं तेही गंमतशीर आहे, 1956 च्या सुमारास इंग्लंडमधे रॉचफर्डच्या हॉस्पिटलात सिस्टर वॉर्ड म्हणून होत्या, त्या बाळांना उन्हात अंगणात न्यायच्या, तर एका बाळाचं सगळं अंग फिकट झालेलं आणि चादरीचं टोक जिथे अंगावर होतं तेवढाच त्रिकोण पिवळा राहिलेला. पुढे तिथल्याच डॉक्टरांनी त्यावर काम करून 1958 मधे लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. लंगोट वाळत घालताना मला दर वेळी तो त्रिकोण आठवायचा. (पण म्हणून काविळीच्या बाळाला घरच्या घरी उन्हात ठेवून उपचार करू नका, ते डॉक्टरांचं काम.)

ऊन नसेल किंवा डाग जुना असेल तर ऑक्सिजनवालं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाण्यात गेलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो, आणि हे दोघं मिळून डाग खातात. पाणी मात्र गरम हवं, चाळीस अंशाच्या वर, थंड पाण्यात ते फारच हळू काम करतं. प्रमाण पाकिटावर असेल तेच, काही तास भिजू द्या, आणि उरलेलं द्रावण बाटलीत घालून झाकण लावू नका, गॅस सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते.

तुमचं ब्लीच बहुतेक क्लोरीनवालं असणार. त्याने कापड झिजतं, इलॅस्टिक आणि कव्हरचं (लंगोटावरून घालतात ते, ओल बाहेर येऊ न देणारं) अस्तर वाया जातं, आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, ते शूने भिजलेल्या लंगोटांवर कधीच ओतायचं नाही. शिळ्या शूमधे अमोनिया असतो, क्लोरीनशी भेटला की क्लोरामाइन नावाचा वायू तयार होतो. मी बंद बाथरूममधे हा पराक्रम केला, खोकत खोकत बाहेर आलो, डोळ्यातून पाणी, आणि बाहेर बायको हातात बाळ घेऊन "आता तू पण रड" असा चेहरा करून उभी. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करणं तर त्याहून वाईट, सरळ क्लोरीनच सुटतो.

आता वास, खरा प्रॉब्लेम तो आहे. ताज्या शूला अमोनियाचा वास नसतो. शूमधला युरिया बॅक्टेरिया फोडतात तेव्हा अमोनिया बनतो, त्याला वेळ लागतो. त्यामुळे बाळाने आत्ता शू केली आणि लगेच वास आला तर तो आत्ताच्या शूचा नाही, मागच्या दहा वेळच्या शूचा आहे, जो कापडात राहिलाय आणि ओलं झाल्यावर जागा होतोय. कारण जवळजवळ नेहमी यातलं एक असतं, साबण कमी, पाणी कमी, किंवा लंगोट फार दिवस साठवलेले. आपल्याला वाटतं बाळाचे कपडे आहेत, साबण जरासाच घालू. मीही चिमूटभर घालायचो. पण लंगोट हे सगळ्यात घाण कपडे आहेत घरातले, त्यांना पूर्ण डोस लागतो, भरपूर मळलेल्या कपड्यांचा असतो तो. पाण्यात क्षार जास्त असतील तर अजून जास्त, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणालाच पकडून बसतात आणि त्याचा चिकट साका धाग्यांवर चढतो. म्हणून वडीचा साबण सोडा, एन्झाइमवाली डिटर्जंट पावडर घ्या.

मशीन असेल तर माझा क्रम असा होता, आधी थंड पाण्याची छोटी सायकल थोडी पावडर घालून, ते पाणी जाऊ द्यायचं, मग साठ अंशावर मोठी सायकल पूर्ण पावडर घालून, मग एक जास्तीचं रिन्स. ड्रम ठासून भरायचा नाही आणि अगदी चार लंगोटांसाठी मोठं मशीनही लावायचं नाही, कापडं एकमेकांवर घासली गेली पाहिजेत, पाऊण ड्रम बरा. प्लॅस्टिकसारखं अस्तर असलेली कव्हर्स चाळीसवरच, जास्त गरम झाली की अस्तर सुटतं आणि मग गळतात. खिसेवाली कव्हर्स असतील तर इनसर्ट (आत घालायची शू शोषणारी घडी) खिशातून बाहेर काढायला विसरू नका, मी कित्येकदा विसरलोय. आणि दोन, फार तर तीन दिवसांपेक्षा जास्त साठवू नका, साठवताना कोरडेच, हवा लागेल असे ठेवा. बादलीत पाण्यात भिजत ठेवायची पद्धत मला पटत नाही, घाणेरडं पाणी मुरतं ते आहेच, पण घरात रांगणारं मूल असेल तर भरलेली बादली जीवघेणी असते, यात जरासुद्धा अतिशयोक्ती नाही.

सुगंधी कंडिशनर वापरताय का, ते लिहिलं नाहीये. वापरत असाल तर बंद. तो धाग्यांवर थर बसवतो, कापड मऊ लागतं पण शोषून घेत नाही. टेस्ट सोपी आहे, वाळलेल्या लंगोटावर पाण्याचा थेंब टाका, तो मोत्यासारखा वर बसून राहिला तर थर बसलाय, मग दोनतीनदा गरम पाण्यात पावडर घालून धुवा. रॅशवर लावायचं झिंकचं मलमही हेच करतं, ते लावलं की बाळाचं अंग आणि लंगोट यांच्या मधे लायनर, म्हणजे पातळ कापड, घाला. पण नवा कोरा सुती लंगोटसुद्धा पहिल्यांदा पाणी पीत नाही हं, चारपाच धुण्यांनंतर पितो, त्याला उगाच दोष देऊ नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीये तरी सांगतो. कोणी मोठ्या मुलाचे जपून ठेवलेले जुने लंगोट दिले आणि त्यांना डांबरगोळ्यांचा वास असेल तर ते बाळाला बांधू नका. डांबरगोळ्यांमधलं नॅफ्थलीन श्वासातून आणि कातडीतून जातं, आणि ज्या बाळांमधे जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं (असतं की नाही ते बहुतेकांना माहीतच नसतं) त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, कावीळ खूप वाढते. वास गेला म्हणून विश्वास ठेवू नका, मी तर ते सरळ फरशी पुसायला काढले.

हाताने धुत असाल तर वेगळं असं फार काही नाही. थंड पाण्यात दोनदा खळबळायचे, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात पावडर घालून अर्धा तास ठेवायचे, हातमोजे घालून चोळायचे, आणि विसळायला आळस करायचा नाही, पाणी फेसाशिवाय स्वच्छ दिसेपर्यंत, तीन वेळा लागलं तर तीन वेळा. पिळून उन्हात. वास लगेच जाणार नाही, चारपाच धुणी थांबा. तरीही वास राहिला किंवा बाळाला लाल, पुरळवालं काही दिसलं तर मग डॉक्टरांना दाखवा, कारण बुरशीचं इन्फेक्शन असेल तर नुसतं धुण्याने ते जाणार नाही.